प्रयोगशाळेची किल्ली

साहित्याचा किंवा इतिहासाचा अभ्यास घराच्या एखाद्या कोपऱ्यांत बसूनहि करतां येतो. पुस्तक आणि निवांत वेळ मिळाला, कीं निम्मे काम झालें. पदार्थविज्ञान व रसायन यांची गोष्ट निराळी आहे. सूक्ष्म तराजू, काचपात्रें, विजेचीं उपकरणें कांहीं घरीं येत नाहींत. विद्यार्थ्यालाच प्रयोगशाळेंत जावें लागतें. अर्थात् प्रयोगशाळेची किल्ली ज्याच्या हातीं, त्याच्या मर्जीवर सारें शिक्षण अवलंबून राहतें. या शास्त्रांकडे वळलेल्या स्त्रियांची वाट इतकी कां अडली, याचें एक मोठें कारण येथें सांपडतें.

लीझे माइट्नर या विदुषी व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९०७ सालीं बर्लिनला आल्या. तेथील रसायनसंस्थेच्या प्रमुखांना प्रयोगशाळेंत स्त्री नको होती. अखेर तळमजल्यावरील सुतारकामाच्या जुन्या खोलींत, निराळ्या दारानें ये-जा करण्याच्या अटीवर, त्यांना काम करण्याची मुभा मिळाली. त्यांचे सहकारी ऑटो हान मात्र इमारतींत सर्वत्र मोकळेपणानें वावरत. प्रशियांतील विद्यापीठें स्त्रियांना १९०८ सालीं खुलीं झाल्यावर ही बंदी सैल झाली. परंतु पुढें युरेनियमच्या अणुगर्भाच्या विभाजनाचा शोध लागला, तेव्हां त्यासाठीं १९४४ सालचें रसायनाचें नोबेल पारितोषिक एकट्या हान यांनाच देण्यांत आलें. त्या घटनेची भौतिक उपपत्ति मांडणाऱ्यांत माइट्नर होत्या, ही गोष्ट पारितोषिकाच्या वेळीं बाजूस राहिली.

असाच अनुभव महाराष्ट्रांतील एका कन्येलाहि आला. कमला भागवत, म्हणजेच पुढील काळांतील डॉ. कमला सोहोनी, रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत अग्रस्थानीं आल्या. त्यांचे वडील आणि काका बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचेच विद्यार्थी. म्हणून त्यांनींहि तेथेंच अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं तो नाकारला, आणि कारण दिलें तें अर्जदार स्त्री असल्याचें. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या व हटून बसल्या, तेव्हां प्रवेश मिळाला. पण तो अटींवर. एक वर्ष उमेदवारी; संचालकांची खात्री पटेपर्यंत कामास मान्यता नाहीं; आणि आपल्या उपस्थितीनें पुरुष विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होऊं न देण्याची जबाबदारीहि त्यांचीच!

या अटी बारकाईनें पाहण्यासारख्या आहेत. पुरुष विद्यार्थी अपात्र ठरेपर्यंत पात्र मानला जाई. स्त्री पात्र ठरेपर्यंत अपात्र. चित्त दुसऱ्याचें ढळावयाचें आणि शिक्षा मात्र हिनें भोगावयाची. उघड नकार सर्वांना दिसतो आणि त्याविरुद्ध भांडतां येतें. अट मात्र उपकाराचें रूप घेऊन येते. म्हणून तिच्यांतील अन्याय ओळखणें अधिक कठीण जातें.

कमलाबाईंनीं त्या अटी पाळल्या व दूध आणि कडधान्यें यांतील प्रथिनांवर संशोधन करून १९३६ सालीं एम्. एस्सी. पदवी मिळविली. त्यांच्या कामामुळें संस्थेचें दार इतर मुलींनाहि उघडलें. केंब्रिजला बटाट्यावर काम करीत असतां सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींतहि असतें, हें त्यांनीं दाखविलें आणि १९३९ सालीं डॉक्टरेट संपादिली. त्याच केंब्रिज विद्यापीठानें स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मात्र १९४८ सालीं दिलें. मुंबईस परतल्यावर रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचें संचालकपद कमलाबाईंना मिळालें खरें, पण विलंबानें.

आज संस्थांच्या नियमांत तसलीं कलमें दिसत नाहींत. तथापि यंत्र रात्रीं मोकळें असावें आणि मुलींचें वसतिगृह मात्र तिन्हीसांजेला बंद व्हावें, किंवा मुलाखतींत मुलाला प्रयोगाविषयीं व मुलीला विवाहाविषयीं विचारलें जावें, या गोष्टी अद्यापि सर्वस्वीं नाहींशा झालेल्या नाहींत. जुनी अटच येथें नव्या वेषांत उभी आहे. कमलाबाईंना घरांतून शास्त्राची गोडी लागली आणि पाठबळहि मिळालें. ज्या घरांत मुलीला उशिरां परतण्याची मुभा देतांना मुलाला न घातलेली अट घातली जाते, त्या घरानेंहि आपल्या हातांतील किल्ली एकदां तपासून पाहणें योग्य होईल.