घाणेरीचे हत्ती

तमिळनाडूतल्या गुडलूरच्या डोंगरात ब्रिटिश काळात जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे उभे राहिले. हत्तींनी आपल्या वाटा सोडल्या नाहीत. आजही त्या मळ्यांतून, वस्त्यांच्या कडेने, डांबरी रस्ते ओलांडून जातात. उरलेल्या जंगलात मात्र घाणेरी माजली आहे.

आपण जिला टणटणी म्हणतो, तीच ही. शोभेचं झुडूप म्हणून ब्रिटिशांनी ती भारतात आणली आणि ती देशभरच्या रानांत पसरली. तिची जाळी दाट झाली की खाली गवत उगवत नाही; हत्ती, गवा, चितळ यांचा चाराच संपतो.

गुडलूरच्या कारागिरांनी याच घाणेरीतून हत्ती घडवायला घेतले. बेट्टकुरुंब, पनिया, काट्टुनायकन आणि सोलिगा या आदिवासी समाजांतली माणसं ‘द रिअल एलिफंट कलेक्टिव्ह’मध्ये एकत्र आली. रानातून तोडून आणलेल्या काठ्या ती उकळतात, साल सोलतात. काठी ओली, लवचीक असतानाच लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर वळवून ठोकली जाते. एकेक काठी जोडत खांदा भरतो, पाठीला उतार येतो, सोंड वळते. प्रत्येक शिल्प याच परिसरातल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या हत्तीवरून बेतलेलं असतं, त्याच्याच आकाराचं. रोजच्या वाटेवर ज्याला सामोरं जावं लागतं, त्याचं अंग घडवताना या हातांना अंदाज बांधावा लागत नाही.

2021 मध्ये ‘एलिफंट फॅमिली’ या संस्थेने हा कळप लंडनच्या उद्यानांत उभा केला. 2024 मध्ये 100 हत्ती अमेरिकेला निघाले: आधी न्यूपोर्टचा समुद्रकिनारा, मग न्यूयॉर्क, मायामी बीच आणि पुढची शहरं. दालनाच्या भिंती नव्हत्या. लोक हत्तींच्या मधून चालत होते. शिल्पं विकून आलेला पैसा माणूस आणि वन्यप्राणी यांच्या सहजीवनाच्या कामाला जातो आणि घडवणाऱ्यांना गावातच रोजगार मिळतो.

एवढ्याने रान मोकळं होत नाही. तोडलेली घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते. ती मुळासकट काढून तिथे गवत आणि देशी झाडं रुजवावी लागतात. तरीही जंगलाची बाजू मांडणाऱ्या कलेने जंगलाचं ओझं थोडं का होईना हलकं करावं, हे इथे प्रत्यक्ष घडतं आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती माड, केळी, सुपारीच्या बागा उद्ध्वस्त करतात, आणि बागायतदाराचा संताप खोटा नाही. शेजारच्या सावंतवाडीत लाकडाची खेळणी घडवणारे चितारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या कारागिरांना, बागायतदारांना आणि वनखात्याला एका कामात आणणारा असा प्रयोग सिंधुदुर्गात करून पाहण्यासारखा आहे.