थेंब घालण्याआधी

“नजर कधी गेली?” नेत्रतज्ज्ञाच्या या साध्या प्रश्नाला सत्तरीतल्या रुग्णाकडून नेमकं उत्तर मिळायला वेळ लागतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. एका डोळ्यानं दिसत नाही हे कित्येकांना दुसरा डोळा सहज झाकला गेल्यावरच कळतं, तोंड धुताना किंवा चष्मा पुसताना. मग खोदून विचारावं लागतं. सकाळी पेपर वाचलात तेव्हा अक्षरं दिसत होती का? घरची मंडळी ‘मोतीबिंदू असेल’ म्हणतात, पण मोतीबिंदू एका रात्रीत नजर नेत नाही.

उत्तरांतून आजाराचा माग लागतो. डोळ्यापुढे आधी वीज चमकली, मग एका बाजूनं काळोख सरकत आला, तर डोळ्याचा पडदा सुटल्याची शंका येते. मधुमेही रुग्णाला काळी जाळी, लालसर धूर दिसू लागला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. काही मिनिटं नजर जाऊन परत आली होती का, हेही विचारतात.

दोन प्रश्न मात्र रुग्णाला चमत्कारिक वाटतात: जेवताना चावून चावून जबडा भरून येतो का? केस विंचरताना डोकं दुखतं का? हा शोध असतो जायंट सेल आर्टरायटिसचा, म्हणजे पन्नाशीनंतर होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचा. आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणूनच त्याबद्दल विचारायचं राहून जाण्याची भीती जास्त. दाट शंका असेल तर ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या चाचण्यांसाठी रक्त घेऊन लगेच स्टेरॉइड सुरू करतात. बायोप्सीच्या रिपोर्टसाठी थांबलं, तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

मग टॉर्च. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधीच ही तपासणी व्हायला हवी, कारण थेंबांनंतर बाहुली प्रकाशाला दाद देत नाही. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच उजेड चटकन दुसऱ्या डोळ्यावर नेल्यावर त्या मोठ्या होऊ लागल्या, तर दोष पडद्यात किंवा डोळ्याच्या नसेत आहे. आत नुसतं रक्त साचलं असेल तर सहसा असं होत नाही. झालंच, तर रक्ताआड पडदा सुटलाय का, ते सोनोग्राफीनं पाहतात.

थेंबांनंतर पडदा दिसतो. मुख्य शीर तुंबली असेल तर पडदाभर रक्ताचे डाग असतात. मुख्य रोहिणी बंद झाली असेल तर पडदा फिकट पांढुरका पडतो आणि मधोमध चेरीसारखा लाल ठिपका उरतो. पहिल्या काही तासांत मात्र हा पडदा जवळपास नेहमीसारखा दिसू शकतो. तेव्हा टॉर्चनं दिलेली खूणच कामी येते.

पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात संशोधन केलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवलं, की पडद्याची ही मुख्य रोहिणी 97 मिनिटं बंद राहिली तरी पडदा सावरतो. 240 मिनिटांनंतर कायमची मोठी हानी होते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2021 साली रोहिणी बंद होण्याच्या या आजाराला पक्षाघाताचाच प्रकार मानण्यावर भर दिला. नजर खात्रीनं परत आणणारा उपाय अजून नाही. तरीही मानेच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि मेंदू तातडीनं तपासले, तर पुढचा मोठा झटका टळू शकतो.

म्हणून एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका आणि सकाळची वाटही पाहू नका. पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच तासाला पोहोचा.