समजून घ्या : लोकवर्गणीतून विरंगुळा केंद्र कसे उभे राहते?

अहिल्यानगर जिल्ह्याला लोकवर्गणी आणि श्रमदान नवे नाही. लष्करातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतलेल्या अण्णा हजारे यांनी साठवलेले पैसे यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराला लावले. मग गावानेही हात लावला. ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्रही असे उभे राहू शकते. मात्र वर्गणीची पावती फाडण्याआधी तीन प्रश्न सोडवा.

जागा कोणाच्या नावावर?
तोंडी दिलेल्या जागेवर पुढे वारस हक्क सांगू शकतात. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून उताऱ्यावर नाव लावून घ्या. ग्रामपंचायतीची जागा असल्यास ठराव लेखी घ्या.

पैसे कोणाच्या खात्यात?
कोणा एकाच्या खात्यात नकोत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवा, बँकेत संस्थेचे खाते उघडा. देणगीदाराला करसवलत हवी असेल, तर प्राप्तिकर विभागाची वेगळी मंजुरी लागते.

इमारत झाली, पुढचा खर्च?
खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. त्यातून सार्वजनिक इमारत होऊ शकते. पण वीजबिल, सफाई, वर्तमानपत्रे, मदतनिसाचा पगार असा चालू खर्च त्यात बसत नाही. तो भागला नाही, तर दाराला कुलूप लागते आणि आजी-आजोबा पुन्हा पारावर येतात. म्हणून वर्गणीचा काही भाग सुरुवातीलाच मुदत ठेवीत ठेवा. दरमहाचा खर्च व्याजातून भागवा.

आराखड्यात विसरू नका : पायऱ्यांशेजारी उतार, आधाराचे दांडे असलेले शौचालय.