एकही बिट न गमावता संख्या लहान-मोठी कशी करायची? सी मधलं स्कॅलबीएन समजून घेऊया

एक छोटा प्रयोग करून बघा. सी मध्ये डबल प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये १.१५ ठेवा, समजा एक रुपया पंधरा पैसे. त्याला १०० ने गुणा आणि उत्तर इंट मध्ये टाका. यायला हवेत ११५ पैसे, येतात ११४! आता त्याच १.१५ ला १०२४ ने गुणा आणि परत १०२४ ने भागा. शेवटच्या बिटपर्यंत तीच संख्या परत मिळते, आणि मधल्या गुणाकारातही काहीच हरवत नाही. असं का?

सगळा खेळ पायाचा

कागदावर १०० ने गुणताना आपण फक्त दशांश चिन्ह दोन घरं सरकवतो, कारण आपल्या अंकांचा पाया १० आहे. कॉम्प्युटरचा पाया २. आयईईई ७५४ नुसार डबलच्या ६४ बिट्सपैकी १ बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अंकांचे. २ च्या कुठल्याही घाताने गुणलं की फक्त घातांक बदलतो, त्या ५२ बिट्सना हातही लागत नाही. १.१५ मुळात २ च्या पायावर नेमकं लिहिताच येत नाही. त्यात १०० ने गुणताना अंक नव्याने काढावे लागतात आणि आणखी एक राउंडिंग होतं.

दोन भावंडं

हे काम करणारं स्कॅलबीएन हे फंक्शन सी९९ पासून मॅथ डॉट एच मध्ये आहे. स्कॅलबीएन(३.०, ४) म्हणजे ३ × १६ = ४८. त्याचं थोरलं भावंड एलडीईएक्सपी. ते नेहमी २ च्या घाताने गुणतं, तर स्कॅलबीएन मशीनच्या पायाच्या, म्हणजे एफएलटी_रेडिक्सच्या, घाताने. आपल्या लॅपटॉप-मोबाइलवर तो पाया २ च असतो, म्हणून दोघांचं उत्तर सारखंच येतं. पण १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० चा पाया १६ होता.

मग पॉव का नको?

कोड रिव्ह्यू करताना मला पॉव(२, एन) ने केलेला गुणाकार दिसला की मी तिथे थांबतो. समजा संख्या आहे २ चा उणे १००० वा घात आणि तिला २ च्या ११०० व्या घाताने गुणायचंय. उत्तर २ चा १०० वा घात, डबलमध्ये आरामात मावणारं. पण २ चा ११०० वा घात स्वतः डबलमध्ये मावत नाही. पॉव 'इन्फिनिटी' देतं आणि पुढचं सगळं गणित बुडतं. स्कॅलबीएन इथे बरोबर उत्तर देतं.

खरा उपयोग कुठे?

काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ × १०^२०० आणि ४ × १०^२०० असतील तर कर्ण ५ × १०^२००. पण वर्ग करायला गेलात की ओव्हरफ्लो, कारण डबलची मर्यादा साधारण १.८ × १०^३०८ आहे. उपाय असा: आयलॉगबी ने मोठ्या बाजूचा घातांक काढा. तो येतो ६६६. दोन्ही बाजू स्कॅलबीएन ने उणे ६६६ ने खाली आणा, वर्ग, बेरीज, वर्गमूळ करा आणि उत्तर अधिक ६६६ ने वर न्या. मोठ्या बाजूने भागूनही ओव्हरफ्लो टळतो, पण भागाकारात जादा राउंडिंग शिरतं. कर्णासाठी हायपॉट तयार आहेच. मात्र सी स्टँडर्डच्या ॲनेक्स जी मधला कॉम्प्लेक्स भागाकाराचा नमुना कोडही हीच युक्ती वापरतो.

हे लक्षात ठेवा

- उत्तर मर्यादेबाहेर गेलं तर स्कॅलबीएन सुद्धा वाचवत नाही. साधारण २.२ × १०^-३०८ च्या खाली गेलात की शेवटचे बिट्स गळू शकतात, आणि परत वर आणून ते मिळत नाहीत.
- घात आधीच ठरलेला असेल तर सरळ १०२४.० ने गुणा. तेही तितकंच अचूक आणि सहसा जास्त वेगवान.
- पैशांचा हिशोब करायचा असेल तर यातलं काहीच नको. पैसे पूर्णांकातच ठेवा.

थोडक्यात माझा नियम: घातांक प्रोग्राम चालताना ठरणार असेल, तर पॉव नाही, स्कॅलबीएन.