कायद्याआधी बोलणारा शब्द

नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील सत्तास्थापनेचा पेच सुटत नव्हता, तेव्हा काँग्रेसच्या आमदारांना जयपूरच्या एका रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवण्यात आले. त्या मुक्कामाला काय म्हणावे, हा प्रश्न जयपूरकरांना पडला नाही. त्यांच्याकडे शब्द तयार होता : ‘बाडाबंदी’. पुढे मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशातील आमदारांनी तोच रस्ता धरला आणि जुलैत खुद्द राजस्थानातील सत्ताधारी आमदार शहराबाहेरच्या आलिशान हॉटेलात बंदिस्त झाले. सचिन पायलट यांच्या गटाने हरियाणातील मानेसर गाठले होते. मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांच्या समर्थकांना महिनाअखेरीस जयपूरहून जैसलमेरला हलवले गेले. १४ ऑगस्टला विश्वासदर्शक ठराव संमत झाला, तेव्हाच हा अध्याय संपला.

राजस्थानात ‘बाडा’ म्हणजे काट्याकुट्यांचे कुंपण घालून गुरे किंवा शेळ्यामेंढ्या कोंडण्याची जागा. हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृतातील ‘वाट’, म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा, यातूनच हिंदीचा बाडा आणि मराठीचा वाडा आला. आपल्याकडे तो शनिवारवाड्याच्या वैभवापर्यंत चढला. पण ‘कोंडवाडा’ या शब्दात त्याने मूळचा अर्थ जपून ठेवला आहे. भटकी गुरे कोंडण्याच्या जागेचे हे नाव लोकप्रतिनिधींच्या मुक्कामाला लावणे, यात विनोद आहे आणि निवाडाही आहे. गुरे स्वतःहून कोठे जात नाहीत. त्यांना हाकावे लागते. त्यांना मालक असतो आणि त्यांची किंमत ठरलेली असते. इतके सारे एका शब्दात मावले आहे.

लोक असे शब्द कसे घडवतात? बहुधा नवे काही निर्माण करीत नाहीत. हाताशी असलेला शब्द उचलून नव्या जागी बसवतात. शेतातून बाडा आला, बाजारातून ‘घोडेबाजार’ आला. कधी व्यक्तीचे नाव सामान्यनाम होते. १९६७ मध्ये हरियाणातील गयालाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली आणि ‘आयाराम गयाराम’ हा प्रयोग साऱ्या देशाचा झाला. कधी गुन्हेगारी जगाची सांकेतिक भाषा चावडीवर येते. मुंबईत लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणणारी बोली २०२२ च्या सत्तांतरानंतर आरोपांच्या घोषणेतून विधिमंडळाच्या पायऱ्यांवर पोहोचली. कधी कठोर वस्तूला मुद्दाम मऊ नाव दिले जाते. महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्षाच्या निवडीपूर्वी आपल्याकडे सदस्य ‘सहलीवर’ जातात. राजस्थानचा शब्द बोचरा, आपला गोड, वस्तू एकच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. १७६१ च्या पराभवाने ‘पानिपत होणे’ दिले, १७७३ मधील नारायणरावांच्या खुनाने ‘ध चा मा करणे’ दिले. बखरींचे वाचक थोडे होते. हे वाक्प्रचार मात्र घराघरांत गेले. सामान्य माणसाचा इतिहास पुष्कळदा असा एकेका शब्दात नोंदवलेला असतो.

शासकीय टिपणांत आम्ही असे शब्द कधी लिहिले नाहीत. तेथे ‘बंदोबस्त’ असे, ‘मुक्काम’ असे, बाडा नसे. कायद्याची भाषाही तशीच निर्मळ. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला प्रतिबंध घातला, पण एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला वाट ठेवली. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती वाट बुजवली; मात्र दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणारे विलीनीकरण कायम राहिले. याचा व्यावहारिक अर्थ लोकांनी विधिज्ञांआधी ओळखला. एकट्याने जाणे धोक्याचे ठरले, म्हणून कळप जमवणे आले. कळप जमवायचा आणि राखायचा, तर कुंपण आले. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बहुजन समाज पक्षाचे सहाही आमदार एकदमच काँग्रेसमध्ये गेले, ते याच हिशेबाने.

कुंपण उभे राहण्याचे आणखी एक कारण म्हणजे निर्णयाची अनिश्चितता. अपात्रतेचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडे असतो आणि अध्यक्ष बहुधा सत्तापक्षाचे असतात. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले, की असे अर्ज सामान्यतः तीन महिन्यांत निकाली निघावेत. हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचारही संसदेने करावा. त्या सूचनेला कायद्याचे रूप आलेले नाही.

भाषेवर अंकुश ठेवण्यात मात्र आपण तत्पर असतो. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या संकलनात ‘जुमलाजीवी’सारखे शब्द दिसले आणि मोठा वाद झाला. सभागृहाची शिष्टता जपायलाच हवी. पण शब्द कामकाजातून वगळल्याने त्याला जन्म देणारे वर्तन वगळले जात नाही.

माझी चिंता मात्र वेगळी आहे. बोचरा शब्द रुळला की त्याची धार जाते. ‘बाडाबंदी’ प्रथम उच्चारली गेली तेव्हा तो उपहास होता. आज जयपूरमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीनंतरही ती हवामानाच्या अंदाजासारखी निर्विकारपणे छापली जाते. नाव मिळाले, की वस्तू स्वाभाविक वाटू लागते. ज्याला मत दिले तो माणूस कुंपणात आहे, याचे वैषम्य मग मतदारालाही उरत नाही.

म्हणून अशा शब्दांना उथळ समजू नये. ते लोकांनी धोरणकर्त्यांना पाठवलेले अहवालच आहेत, फक्त त्यांवर जावक क्रमांक नसतो. कायदा बदलून बाडा अनावश्यक झाला, तर हा शब्द पुन्हा गुरांकडे परत जाईल. तोवर तो उच्चारताना आपल्याला थोडी लाज वाटत राहावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.