अटी घालणारी मुलगी

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीपुढे डिस्ने वाहिनी नवी मालिका ठेवते. मुख्य भूमिका तिचीच. अशा वेळी आईवडील पेढे वाटतात आणि मुलगी सही करून मोकळी होते. या मुलीनं मात्र आधी अटी घातल्या. मालिकेला ‘सुपर ऑसम केटी’ हे नाव नको. नायिकेचं नाव केटी नको, कारण आपण केटी वाटत नाही. नायिकेला गाणं आणि नाच यायला नको. ती हुशार असावी, मारामारीत तरबेज असावी. पडद्यावरचं कुटुंब गोरं नसावं. आणि निर्मात्यांच्या यादीत आपलं नाव हवं. वाहिनीनं हे सगळं मान्य केलं. 2015च्या जानेवारीत ‘के. सी. अंडरकव्हर’ सुरू झाली आणि 2018पर्यंत चालली.

या मुलीचं नाव झेंडेया. तिच्याविषयी लिहिताना सगळे तिच्या कपड्यांपासून सुरुवात करतात किंवा सहकलाकाराशी जुळलेल्या नात्यापासून. मला तिची कारकीर्द पाहताना करारांचे कागद दिसतात. कशाला हो म्हटलं यापेक्षा कशाला नाही म्हटलं आणि कोणत्या अटीवर हो म्हटलं, यातून ही अभिनेत्री घडली आहे.

जन्म 1 सप्टेंबर 1996चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना 1966मध्ये याच शहरात झाली. कृष्णवर्णीयांच्या राजकीय जागृतीचा इथला इतिहास घराघरांत मुरलेला आहे. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी, दोघंही शिक्षक. पगार पुरत नसे म्हणून आई उन्हाळ्यात जवळच्या ओरिंडा गावी कॅलिफोर्निया शेक्सपिअर थिएटरमध्ये व्यवस्थापनाचं काम करायची. टेकड्यांमधलं हे खुलं नाट्यगृह लेकीची पहिली शाळा ठरलं. प्रेक्षकांना जागा दाखवायची, निधीसाठी तिकिटं विकायची आणि मग बसून नाटक बघायचं. पुढे ‘रिचर्ड द थर्ड’मधली लेडी ॲन आणि ‘ॲज यू लाइक इट’मधली सीलिया तिनं रंगभूमीवर केल्या. जोडीला ओकलंडच्या एका हिप-हॉप पथकात तीन वर्षं नाच. संधी लॉस एंजेलिसला होती, म्हणून वडील तिला घेऊन तिकडे गेले आणि आई नोकरीसाठी ओकलंडलाच राहिली. मुलीच्या कामापायी घर दोन शहरांत विभागलं गेलं, हे तिच्या चमकदार छायाचित्रांखाली कुणी छापत नाही.

2010च्या नोव्हेंबरात डिस्नेवर ‘शेक इट अप’ आली. दोन शाळकरी मैत्रिणी स्थानिक वाहिनीच्या नृत्य कार्यक्रमात काम मिळवतात, एवढीच गोष्ट. रॉकीची भूमिका झेंडेयाची, सीसीची बेला थॉर्नची. झेंडेया तेव्हा चौदा वर्षांची होती. या वयाच्या मुलांना कामाला लावताना कॅलिफोर्नियाचा कायदा घड्याळ हातात घेऊन उभा असतो. नऊ ते सोळा वयोगटातल्या मुलाला शाळेच्या दिवशी चित्रीकरणस्थळी नऊ तास थांबवता येतं. त्यातले पाच कामाचे, तीन अभ्यासाचे आणि एक विश्रांतीचा. अभ्यास घ्यायला सेटवर परवानाधारक शिक्षक लागतो, आणि मुलाच्या आरोग्यावर लक्ष ठेवणं हीसुद्धा त्याचीच जबाबदारी.

मुलाच्या कमाईसाठी वेगळा कायदा आहे, आणि तो एका मुलाच्या लुबाडणुकीतून आला. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ (1921) या चित्रपटातला चिमुरडा जॅकी कूगन लक्षावधी डॉलर कमावून सज्ञान झाला, तेव्हा त्याच्या हाती काही उरलं नव्हतं. आई आणि सावत्र वडिलांवर त्यानं 1938मध्ये दावा लावला आणि अखेर सव्वा लाख डॉलरच्या आसपास रक्कम त्याच्या पदरात पडली. 1939मध्ये त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. आता बालकलाकाराच्या कमाईतले पंधरा टक्के त्याच्या नावे वेगळे ठेवावेच लागतात. आपल्याकडे 2017च्या नियमांनी बालकलाकाराच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायला सांगितले आहेत आणि दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आहे. मराठी-हिंदी मालिकांमधली मुलं रोज रात्री आपल्या घरात दिसतात. त्यांच्या बाबतीत हे नियम कितपत पाळले जातात, याची चौकशी प्रेक्षकांनीही करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पैसा राखता येतो, कारकीर्द राखणं अवघड. बालमालिकेतला चेहरा मोठा झाला की प्रेक्षकाला तो नकोसा होतो, आणि मग लक्ष वेधण्यासाठी स्वतःची जुनी प्रतिमा मोडण्याचा मार्ग अनेक जणींनी धरला. झेंडेयानं घाई केली नाही. 2013मध्ये ‘डान्सिंग विथ द स्टार्स’मध्ये सोळाव्या वर्षी ती दुसरी आली. 2014मध्ये दिवंगत गायिका आलियावरच्या दूरचित्रवाणीपटात तिची निवड झाली आणि थोड्याच दिवसांत तिनं भूमिका सोडली. निर्मितीचा दर्जा, गाण्यांच्या हक्कांचा घोळ आणि गायिकेच्या कुटुंबाशी संपर्क होऊ न शकणं ही कारणं तिनं उघडपणे सांगितली. दिवंगत व्यक्तीच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय तिची भूमिका करू नये, हे सतराव्या वर्षी कळणं मला पुरस्कारांहून मोठं वाटतं.

पुढच्या वर्षी ऑस्कर सोहळ्याला ती केसांच्या जटा वळून गेली. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या केसांना गांजाचा वास येत असेल, अशी शेरेबाजी झाली. तिनं उत्तर लिहिलं, त्यात आरडाओरडा नव्हता. अशा जटा ठेवणारी आपल्या घरातली माणसं, दिग्दर्शिका, प्राध्यापक यांची उदाहरणं तिनं दिली आणि कृष्णवर्णीयांच्या केसांविषयीचा पूर्वग्रह उघडा केला. शेरा मारणारीनं माफी मागितली. त्याच वर्षी मॅटेल कंपनीनं त्या रूपातली बार्बी बनवली. तिच्या कपड्यांची बाजू 2011पासून लॉ रोच सांभाळतो. सुरुवातीला मोठी फॅशन घराणी तिला कपडे द्यायला तयार नव्हती, असं त्यानं सांगितलं आहे. 2023मध्ये मुंबईच्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनाला ती राहुल मिश्रा यांची निळी साडी नेसून आली, ती छायाचित्रं आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली.

2017मध्ये ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ आला. त्यात ती थोडाच वेळ दिसते, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली, तिरकस बोलणारी मिशेल. नायकाची मैत्रीण म्हणून नटून-थटून येण्याऐवजी तिनं हे अवघडलेपण धरून ठेवलं आणि पात्र पुढच्या दोन चित्रपटांत वाढत गेलं.

खरी कसोटी 2019च्या जूनमध्ये एचबीओवर सुरू झालेल्या ‘युफोरिया’त लागली. एका इस्रायली मालिकेवर आधारलेली ही कथा सॅम लेव्हिन्सननं स्वतःच्या व्यसनाच्या अनुभवातून लिहिली. सतरा वर्षांची रू व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येते आणि पुन्हा नशेकडे वळते. किशोरवयीन पात्रांच्या शरीरप्रदर्शनावरून या मालिकेवर कडक टीका झाली आणि त्या टीकेत तथ्य आहे. काही दृश्यं कथेसाठी नाहीत, नजरेसाठी आहेत. पण रूच्या भूमिकेपुरतं बोलायचं तर झेंडेयानं व्यसनाला कुठेच देखणं होऊ दिलेलं नाही. 2020च्या डिसेंबरातला खास भाग काढून पाहावा. नाताळची रात्र, खानावळीचं एक टेबल, समोर अभिनेता कोलमन डोमिंगो. जवळपास तासभर दोघं फक्त बोलतात. तिच्याकडे करण्यासारखं काहीच नसतं. ती ऐकते, टाळते, खोटं बोलते आणि आपण खोटं बोललो हे तिच्या डोळ्यांतून समोरच्याला कळतं.

दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग याच्या नेमका उलट आहे. आईला नशेच्या गोळ्यांची बॅग सापडल्यावर रू घर फोडते, आईला आणि बहिणीला तोंडाला येईल ते बोलते, मग रस्त्यांवरून, भिंतींवरून पळत सुटते. तिचा राग येतो आणि त्याच क्षणी तिची काळजी वाटते. प्रेक्षकाला या दोन भावनांमध्ये एकाच वेळी ताणून धरणं फार थोड्यांना जमतं. हे पर्व सुरू होण्याआधी, ही मालिका प्रौढांसाठी आहे आणि झेपत नसेल तर पाहू नका, असं तिनं स्वतः चाहत्यांना लिहून कळवलं होतं.

टाळेबंदीत तिनं लेव्हिन्सनबरोबर ‘माल्कम अँड मरी’ हा दोनच पात्रांचा कृष्णधवल चित्रपट केला. चित्रपट मला बोलघेवडा वाटला. लेखकाचा समीक्षकांवरचा राग पात्रांच्या तोंडून बाहेर पडतो. त्यामागचा व्यवहार मात्र नोंदवण्याजोगा आहे. काम थांबलेल्या तंत्रज्ञांना घेऊन तो बनला आणि विक्रीच्या पैशात त्यांना वाटा ठेवला गेला. ‘ड्यून’च्या पहिल्या भागात ती सात मिनिटांच्या आसपास दिसते, दुसऱ्यात (2024) चानी हे पात्र चित्रपटाचा विवेक होतं. मूळ कादंबरीतली चानी नायक पॉलची निष्ठावान साथीदार आहे. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हनं तिला त्याच्या देवत्वावर शंका घेणारी केलं. त्याच वर्षीच्या ‘चॅलेंजर्स’मध्ये तिचं पात्र टेनिसपटू आहे, आईही आहे; आणि चित्रपटाची एक निर्माती ती स्वतः आहे.

2020च्या सप्टेंबरात, चोविसावं वर्ष नुकतंच पूर्ण झालेलं असताना, तिनं नाट्यमय मालिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कार घेतला; इतक्या लहान वयात तो आधी कुणालाच मिळाला नव्हता. 2022मध्ये तो तिला पुन्हा मिळाला. या गटात जिंकलेली पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हायोला डेव्हिस, तीही 2015मध्ये, म्हणजे एमी सुरू होऊन सहा दशकं उलटल्यावर. दुसरी झेंडेया. 2018मध्ये एका जाहीर गप्पांत तिनं म्हटलं होतं की आपण हॉलिवूडला चालेल अशा कृष्णवर्णीय मुलीचा नमुना आहोत आणि हे बदलायला हवं. उजळ वर्णामुळे आपल्याला दारं उघडी मिळाली, हे तिनं स्वतः कबूल केलं. गोऱ्या मुलींसाठी लिहिलेल्या भूमिकांच्या चाचण्यांनाही मला पाठवा, असं ती आपल्या प्रतिनिधींना सांगत असे. लेखकानं वर्ण लिहिलेला नसेल तर तो गोराच का धरायचा, हा तिचा प्रश्न. आता ती निर्माती आहे. कुणाला चाचणीला बोलवायचं हे ठरवताना तिच्याही शब्दाला वजन आहे, आणि तिच्याहून सावळ्या मुलींना मुख्य भूमिका मिळतात का, हे तिच्या पुढच्या निर्मितींमध्ये मी आधी पाहणार आहे.