चेरीच्या बिअरमध्ये चेरी शोधताना

नाताळच्या आधीच्या आठवड्यात कामानिमित्त ब्रुसेल्सला गेलो होतो. यजमानांनी माझ्यापुढे लालभडक पेयाचा पेला ठेवला. नाव 'क्रीक': चेरी घालून लाकडी पिंपात मुरवलेली बिअर. रंगावरून ती सरबतासारखी गोड असेल असे वाटले; पण पहिल्याच घोटाला दात आंबले. नाकाला मात्र चेरीचा, कडू बदामाचा आणि (यजमानांची क्षमा मागून) थोडासा गोठ्याचा वास येत होता. एवढ्या चेरी घातल्या, तर त्यांची साखर गेली कोठे? आणि बदाम कोणी घातले नव्हते, तर तो वास कोठून आला?

ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडील खेड्यांत 'लँबिक' नावाची बिअर बनते. ती क्रीकचा पाया. मोड आणलेले जव आणि मोड न आणलेला गहू यांचा गोड काढा जुन्या हॉप्सबरोबर उकळतात. हे हॉप्स सुगंधासाठी नसतात, जिवाणूंना आवर घालण्यासाठी असतात. मग तो काढा परातीसारख्या उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर निवत ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. दह्याला विरजण लागते, पण इडलीचे पीठ आपोआप आंबते. तसाच हा प्रकार. हवेतील, इमारतीतील आणि मुख्यतः पिंपाच्या लाकडात मुरलेले सूक्ष्मजीव काम सुरू करतात.

डेन्मार्कमध्ये एमिल हॅन्सन यांनी १८८३ साली यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून बिअर बनवण्याची पद्धत रूढ केली. जगातील बहुतेक बिअर आज तशीच बनते. लँबिक बनवणारे मात्र जुन्याच वाटेने राहिले.

पिंपात काय होते? पहिल्या महिन्यात आतड्यात आढळणाऱ्या जिवाणूंचे भाईबंद वाढतात. मद्यार्क आणि आम्ल वाढताच ते मागे पडतात. पुढचे काही महिने नेहमीचे यीस्ट सोप्या शर्करा संपवते. मग पेडिओकॉकस हा जिवाणू सावकाश लॅक्टिक आम्ल तयार करतो. दह्यातले तेच आम्ल. दह्याचा सामू साधारण ४.५, तर मुरलेल्या लँबिकचा ३.५ च्या आसपास असतो. फरक एकचाच दिसतो, पण सामू ही लॉगमापनश्रेणी असल्यामुळे हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते. माझे दात उगाच आंबले नव्हते! या काळात बिअर कधीकधी पाकासारखी तार धरते. नवख्याला वाटेल, माल बिघडला. जाणकार थांबतात, कारण पुढे येणारे ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट तो चिकटपणाही मोडून टाकते.

हे यीस्ट क्लाउसेन यांनी १९०४ साली इंग्लिश बिअरमधून वेगळे केले, म्हणून नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी'. पुढे त्याच्या एका जातीला ब्रुसेल्सचे नाव मिळाले. इतरांना न पचणाऱ्या मोठ्या शर्करा ते खाते, आणि लाकडातून झिरपणारा किंचित ऑक्सिजन त्याला मानवतो. गोठ्याचा वासही त्याचाच: त्याने बनवलेल्या इथिलफिनॉलसारख्या संयुगांचा.

अशा मुरलेल्या बिअरमध्ये आंबट चेरी बियांसकट घालतात, लिटरला सुमारे २०० ग्रॅम किंवा अधिक. यीस्ट पुन्हा जागे होते आणि काही महिन्यांत फळाची साखर खाऊन टाकते. गोडी जाते, रंग, आम्ल आणि वास उरतात. बियांमध्ये अमिग्डॅलिन असते. त्यात ग्लुकोजला जखडलेला भाग विकरांमुळे सुटला की बेंझाल्डिहाइड तयार होते. कडू बदामाचा वास तोच, आणि ज्याला आपण 'चेरीचा वास' म्हणतो त्यातलाही मोठा वाटा त्याचाच. (या क्रियेत थोडे हायड्रोजन सायनाइडही सुटते, बिया चावून खाऊ नयेत हे मुलांना अवश्य सांगावे.)

ही बिअर थंडीतच करतात, कारण उबदार रात्री काढा लवकर निवत नाही आणि नको ते जिवाणू माजतात. हिवाळे सौम्य होत चालल्याने अशा रात्री आता कमी पडू लागल्या आहेत, ही तिथल्या उत्पादकांची खरी चिंता आहे.

मी पुढचा घोट नाक चिमटीत धरून घेतला. चेरी, बदाम, गोठा सारे नाहीसे. जिभेवर उरला नुसता आंबटपणा. वर्गात बिअर नेण्याची गरज नाही. नाक दाबून कोकम सरबताचा घोट घ्यायला सांगा, आणि गिळल्यावर नाक सोडायला.